पावतीपुस्तकामागचा इतिहास

शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकांची नावे लिहितो, पायाभरणीच्या तारखा नोंदवितो, मोठ्या देणगीदारांच्या तसबिरी छापतो. ते योग्यच आहे. परंतु दरसाल काखोटीला पावतीपुस्तक मारून मोहल्ल्यामोहल्ल्यांतून फिरणारा, कुठे चहा तर कुठे बंद दरवाजा पदरी पाडून घेणारा जो कार्यकर्ता, त्याचे नाव इतिहासाच्या पानावर क्वचितच येते. आज जगातील मोठमोठ्या विद्यापीठांत हे काम करणारी स्वतंत्र खाती आहेत, पगारी माणसे आहेत आणि त्या कामाला 'वार्षिक देणगी' असे रीतसर नाव आहे. या कामाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात आपल्या समाजाचा वाटाही लहान नाही. तो पालकांना आणि विद्यार्थ्यांना ठाऊक व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत उन्हाळ्याच्या सुटीत हे काम केले आहे. पहिल्याच वर्षी एका गावात एका वृद्ध बाईंनी दारातच विचारले, "बेटा, गेल्या साली पाच रुपये दिले होते. त्यांचं काय केलंत?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी नवी पावती फाडायला उतावीळ झालो होतो. जुन्या पावतीचे पुढे काय झाले हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. बाईंनी पाच रुपये दिले, पण प्रश्न माझ्याकडेच राहिला. पुढे या विषयावरील वाचन वाढले, तेव्हा ध्यानात आले की या कामाचा सारा इतिहास म्हणजे त्या एका प्रश्नाचाच इतिहास आहे.

दोन संस्था, एकच साल

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे नाव आपल्या वाचकांनी ऐकले असेल. १७०१ साली स्थापन झालेल्या या कॉलेजला 'येल' हे नाव कसे मिळाले, याची कथा हिंदुस्थानाशी जोडलेली आहे. एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. कारभाराविषयी तक्रारी होऊन १६९२ मध्ये त्याला पदावरून दूर व्हावे लागले. पण तोवर त्याने भरपूर संपत्ती जमविली होती. १७१८ साली त्याने या नवख्या कॉलेजला मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याचे एक चित्र पाठविले. माल विकून सुमारे ५६२ पौंड आले आणि कृतज्ञ चालकांनी कॉलेजला त्याचे नाव दिले. एक मोठी देणगी आणि तीन शतके टिकलेले नाव!

पण त्याच येलमध्ये १८९० साली दुसरी एक गोष्ट घडली, तिचा गवगवा फारसा झाला नाही. तेथील माजी विद्यार्थ्यांनी एक निधी सुरू केला. कल्पना साधी होती. मोठी रक्कम देण्याची ऐपत थोड्यांचीच असते, परंतु दरसाल थोडेथोडे देण्याची ऐपत पुष्कळांची असते. तेव्हा प्रत्येकाने वर्षातून एकदा आपल्या शक्तीप्रमाणे द्यावे आणि कॉलेजने ते निकडीच्या खर्चास वापरावे. पहिल्या वर्षी ३८५ जणांनी मिळून ११,०१५ डॉलर दिले. वार्षिक देणगीच्या आधुनिक पद्धतीचा आरंभ येथून झाला असे मानले जाते.

यातील हिशेब आपल्या व्यापारी बांधवांना लगेच उमजेल. शेकडा पाच व्याजाने ११,००० डॉलर दरसाल मिळवायचे, तर २,२०,००० डॉलर बँकेत असावे लागतात. म्हणजे त्या ३८५ माणसांनी दरसाल देण्याची सवय ठेवली, तर कॉलेजच्या दृष्टीने ती दोन लाख वीस हजारांच्या ठेवीइतकीच मोलाची. म्हणूनच अशा निधीला तिकडे 'जिवंत ठेव' म्हणतात. मात्र बँकेतील ठेव विसरली तरी व्याज येत राहते. जिवंत ठेव विसरली की ती मरते. तिची आठवण ठेवणारा माणूस लागतो. प्रत्येक वर्षाच्या तुकडीतील एकाने आपल्या वर्गबंधूंना पत्रे लिहायची, अशी वहिवाट तिकडे पडली ती यामुळेच.

याच १८९० सालात, हजारो मैल दूर, अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात विद्यार्थ्यांनी 'अंजुमन-अल-फर्ज' ही संस्था काढली. दोघांना एकमेकांची वार्ताही नसावी. पण गरज एक होती, म्हणून उपायही जवळजवळ एकच निघाला.

सर सय्यदांची झोळी

अलीगढमध्ये हे बीज रुजले त्याला जमीन सर सय्यद अहमद खान यांनी तयार केली होती. इंग्लंडच्या प्रवासाहून परतल्यावर १८७२ मध्ये त्यांनी कॉलेजसाठी निधी जमविणारी समिती स्थापन केली. २४ मे १८७५ रोजी शाळा सुरू झाली आणि ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांच्या हस्ते कॉलेजची कोनशिला बसली. हे वाचताना सारे सुरळीत झाले असे वाटते. प्रत्यक्षात पैशासाठी या माणसाने काय केले नाही? संस्थानिकांकडे गेले, पंजाबात सभा घेतल्या, सोडत काढली आणि ती जुगारासारखी आहे म्हणून टीकाही सोसली. अलीगढच्या प्रदर्शनात पुस्तकांचे दुकान मांडून बसले. उतारवयात, पांढरी दाढी असताना, निधीसाठी रंगमंचावर उभे राहिले. लोक हसले. ज्या घराण्याचे मोगल दरबाराशी संबंध, त्या घराण्याच्या वारसाने असे करावे? पण ज्याला कामाची लाज वाटत नाही, त्याला लोकांच्या हसण्याची भीती वाटत नाही.

त्यांच्या स्नेह्यांनी मेजवानी द्यायचे ठरविले, की ते म्हणत, जेवण राहू द्या, त्याचा खर्च कॉलेजला द्या. देणाऱ्यांची नावे त्यांनी इमारतींच्या दगडांवर कोरविली. अलीगढला गेलेल्यांनी त्या भिंती पाहिल्या असतील. त्यावर मुसलमानांबरोबर हिंदू देणगीदारांचीही नावे आहेत. आजच्या संस्था 'देणगीदारांचा फलक' लावतात, तीच युक्ती त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी वापरली. मात्र फलकामागचा विचार महत्त्वाचा आहे. ज्याचे नाव भिंतीत आहे, तो ती भिंत पडू देत नाही.

विद्यार्थीच निधिसंकलक

अंजुमन-अल-फर्जचे विशेष हे, की तेथे मागणारे स्वतः विद्यार्थी होते. 'फर्ज' म्हणजे कर्तव्य. ती काढण्यात साहबजादा आफताब अहमद खान हे विद्यार्थी अग्रभागी होते. गरीब पण हुशार मुलांना शिकता यावे, हा हेतू. सभासद सुटीत आपापल्या भागात जात, कॉलेजविषयी लोकांशी बोलत, शंका निरसन करीत आणि वर्गणी गोळा करीत. त्या काळी इंग्रजी शिक्षणाविषयी समाजात केवढा संशय होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या मुलांच्या धैर्याची कल्पना येते. मौलवीसाहेबांपुढे बसून, जमीनदाराच्या दिवाणखान्यात उभे राहून, नातेवाइकांच्या टोमण्यांना उत्तर देऊन त्यांनी पैसे आणले.

पण त्यांनी पैशाहून मोठी एक गोष्ट आणली. ज्या घरात कॉलेजचा विद्यार्थी वर्गणी मागायला गेला, त्या घराने 'तिकडे शिकून मुलगा कसा होतो' हे डोळ्यांनी पाहिले. तो अदबीने बोलतो, आपला धर्म आणि आपली तहजीब विसरलेला नाही, हे पाहिल्यावर त्या घरातला मुलगाही पुढे अलीगढला गेला तर नवल नाही. उत्तम निधिसंकलक हा संस्थेचा चालताबोलता निकाल असतो. हेच आफताब अहमद खान पुढे केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले आणि १९२४ मध्ये अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ही संस्था 'ड्यूटी सोसायटी' या नावाने आजही अलीगढमध्ये गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य करते.

१८९५ चा धडा

आता एक कटू प्रसंग सांगणे प्राप्त आहे. स्मरणिकांत असे प्रसंग टाळण्याची रीत आहे, पण इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर तो टाळता येणार नाही. १८९५ मध्ये उघडकीस आले, की कॉलेजच्या कचेरीतील प्रमुख कारकुनाने एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केली आहे. त्या काळचे एक लाख! ज्या पैशासाठी सर सय्यद रंगमंचावर उभे राहिले होते, विद्यार्थी उन्हात फिरले होते, तो पैसा एका विश्वासातल्या माणसाने बँकेतून काढून घेतला. सर सय्यदांच्या प्रामाणिकपणाविषयी कुणालाही शंका नव्हती. पण हिशेब तपासणारी यंत्रणा ढिली होती, एका माणसावर भिस्त होती.

परिणाम काय झाला? लोकांचा विश्वास डळमळला, देणग्या आटल्या, विद्यार्थिसंख्या घटली. २७ मार्च १८९८ रोजी सर सय्यदांचे निधन झाले तेव्हा कॉलेज कर्जात होते. चरित्रकार सांगतात, की लाखो रुपये जमविणाऱ्या या माणसाच्या अंत्यविधीचा खर्चही त्यांचे स्नेही नवाब मोहसिन-उल-मुल्क यांनी केला. स्वतःसाठी काहीच न ठेवणारा सेवक आणि त्याच्याच कचेरीत झालेली चोरी, या दोन गोष्टी एकाच संस्थेत एकाच वेळी असू शकतात, हे आपण सर्वांनी मनावर कोरून ठेवावे. निःस्वार्थीपणा हा हिशेबाचा पर्याय नव्हे. त्या वृद्ध बाईंनी मला विचारलेला प्रश्न १८९५ पूर्वी अलीगढमध्ये कुणीतरी दर महिन्याला विचारायला हवा होता.

संस्था बुडाली नाही, याचे श्रेय मोहसिन-उल-मुल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आहे. त्यांनी पुन्हा प्रवास केला, पुन्हा लोकांपुढे उभे राहिले. शैक्षणिक परिषदेची अधिवेशने निरनिराळ्या प्रांतांत भरविली गेली. १९०३ चे अधिवेशन मुंबईत झाले आणि त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होते. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या १८७४ मधील संस्थापकांपैकी ते एक, म्हणजे वर्गणीवर शाळा चालविण्याचा त्यांना प्रदीर्घ अनुभव. गमावलेला विश्वास परत मिळविण्यास, तो प्रथम मिळविण्यापेक्षा अधिक काळ लागतो, हे या वर्षांनी दाखवून दिले.

लाखांची मोहीम

१९११ मध्ये कॉलेजचे विद्यापीठ करण्यासाठी मोठी मोहीम निघाली. आगाखान तिसरे तिचे नेते होते. त्यांनी स्वतः एक लाख रुपये दिले आणि कौमच्या मुलांसाठी मी भिक्षेकरी होऊन दारोदार जाणार असे जाहीर करून देशभर दौरा काढला. त्यांच्याबरोबर सचिव म्हणून मौलाना शौकत अली होते. अफू खात्यातील सरकारी नोकरीतून रजा घेऊन ते या कामी आले. ते अलीगढचेच माजी विद्यार्थी असल्यामुळे आपल्या जुन्या सोबत्यांना कसे हाक मारावे हे त्यांना नेमके ठाऊक होते. भोपाळच्या बेगम सुलतान जहान यांनीही भरघोस मदत केली. सुमारे तीस लाख रुपये जमले.

पण सरकार आणि समाजाचे पुढारी यांच्यात विद्यापीठाच्या अधिकारांवरून मतभेद झाले आणि विद्यापीठाचा कायदा व्हायला १९२० साल उजाडले. पहिल्या कुलपती बेगम सुलतान जहानच झाल्या. मधली नऊ वर्षे ध्यानात घ्या. ज्या शिक्षकाने १९११ मध्ये महिन्याच्या पगारातून चार रुपये दिले असतील, त्याला नऊ वर्षे विद्यापीठ दिसले नाही. लाट आली, पैसा जमला आणि लाट ओसरली. मोठी मोहीम इमारत उभी करते. परंतु संस्थेचा रोजचा श्वास चालू ठेवायचा तर लाट पुरत नाही, झरा लागतो.

जामियाचे हमदर्द

हा झरा कसा निर्माण करावा, हे जामिया मिल्लिया इस्लामियाने दाखविले. असहकाराच्या चळवळीत, २९ ऑक्टोबर १९२० रोजी, अलीगढमध्येच तिचा जन्म झाला. सरकारी पैसा घ्यायचा नाही ही प्रतिज्ञा. आरंभी खिलाफत समितीचे पैसे मिळत. १९२४ मध्ये खिलाफतच संपली आणि तो आधार तुटला. १९२५ मध्ये संस्था दिल्लीत करोल बागेत आली. हकीम अजमल खान यांनी पदरचा पैसा ओतला. पण डिसेंबर १९२७ मध्ये तेही गेले. संस्था कर्जबाजारी, शिक्षकांचे पगार थकलेले. अशा वेळी डॉ. झाकिर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये प्रतिज्ञा केली, की वीस वर्षे आम्ही येथेच काम करू आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. प्रत्यक्षात तेवढेही त्यांच्या हाती येत नसे.

शिक्षकांनी स्वतःचे असे देऊन टाकल्यावरच त्यांनी लोकांकडे हात पसरला. 'हमदर्दान-ए-जामिया' म्हणजे जामियाचे सहानुभूतीदार, अशी योजना निघाली. शफीकुर्रहमान किदवई यांनी तिचा भार वाहिला. एका नवाबाकडून लाख रुपये मागण्याऐवजी हजारो सामान्य माणसांकडून नियमाने थोडे थोडे घ्यायचे, हे तिचे तत्त्व. संस्थेचे खजिनदार काही काळ वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज होते, ही गोष्ट आपण महाराष्ट्रातील वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. संस्था मुसलमानांनी काढलेली, तिजोरीची किल्ली एका मारवाडी गांधीभक्ताकडे. विश्वास हा जातधर्म पाहत नाही, चोख हिशेब पाहतो.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसली, ती कुणा राजाच्या किंवा शेठजींच्या हस्ते नव्हे. शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हस्ते. हजारो हमदर्दांपैकी प्रत्येकाला वाटावे की तो माझाच मुलगा आहे, यापेक्षा अधिक चांगली पोचपावती कोणती?

आपल्या महाराष्ट्रातही हीच वाट चोखाळली गेली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झोळी फिरविली. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. १९३६ मध्ये, वयाची पंचाहत्तरी उलटून गेल्यावर, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी नवे मंडळ काढून ते पुण्यात पुन्हा पायी फिरू लागले. कोकणच्या मातीत हा गुण आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

आजचे काम

आज परदेशांतील विद्यापीठांत हे काम बरेचसे दूरध्वनीवरून व संगणकावरून चालते. संध्याकाळी विद्यार्थी रांगेने बसतात आणि माजी विद्यार्थ्यांना फोन लावतात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, हे केवळ पैसे मागणे आहे. पण त्यातील जाणत्यांना विचारावे, तर ते सांगतील की पहिले काम ऐकण्याचे. समोरचा माणूस आपले जुने वसतिगृह, जुने सर, परीक्षेच्या रात्री आठवतो. त्या आठवणी मनापासून ऐकाव्यात. मग आज तेथे काय चालले आहे ते खरेखरे सांगावे. मग मागावे, आणि नेमकी रक्कम मागावी, कारण 'जमेल ते द्या' म्हटले की माणूस गोंधळतो. नकार मिळाला तरी आभार मानावेत. पुढील वर्षी पुन्हा जायचेच असते.

त्यांच्याकडे एक यादी असते, ती मला फार बोलकी वाटते. गेल्या वर्षी दिले आणि यंदा नाही, अशांची यादी. नवा देणगीदार मिळविण्यापेक्षा जुना टिकविणे सोपे, तरी बहुतेक संस्था जुन्याला विसरतात. माणूस देणे का थांबवितो? पुष्कळदा गरिबीमुळे नव्हे. कुणी आभार मानले नाहीत, कुणी हिशेब दिला नाही, किंवा कुणी पुन्हा विचारलेच नाही म्हणून. आणखी एक गोष्ट ते मोजतात. किती पैसे आले याबरोबरच किती माणसांनी दिले. दहा हजार रुपये एकाने दिले तर संस्थेला एक मित्र मिळाला. तेच हजार जणांनी दहा-दहा रुपये मिळून दिले तर हजार मित्र मिळाले. आणि वार्षिक देणगी बहुधा विजेचे बिल, ग्रंथालयाची पुस्तके, एखाद्या मुलाची फी अशा कामांना लागते, ज्यांवर कुणाचे नाव कोरता येत नाही. येलच्या त्या ३८५ जणांची नावे आज कुणाच्या तोंडी नाहीत. पण त्यांनी घालून दिलेली पद्धत जगभर चालू आहे.

पालकांस व विद्यार्थ्यांस

दुसऱ्या वर्षी मी त्या गावी गेलो तेव्हा संस्थेच्या कचेरीतून हिशेब लिहून घेतला होता. किती वर्गणी आली, किती मुलांना पुस्तके दिली, त्यातली किती पास झाली. त्या बाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले. पैसे पाचच दिले. पण त्या वर्षी त्यांनी मला दारात उभे ठेवले नाही, ओटीवर बसविले आणि पाणी दिले. निधिसंकलनाचे माझे शिक्षण तेथे पूर्ण झाले.

म्हणून पालकांना विनंती, की आपल्या दारी पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्या मुलाला हिशेब अवश्य विचारा. तो विचारणे हा अपमान नव्हे, ती संस्थेची सेवा आहे. मात्र उत्तर समाधानकारक मिळाले, तर रिकाम्या हाताने परत पाठवू नका. कार्यकारी मंडळांना विनंती, की पावती फाडण्याइतकीच निष्ठा हिशेब छापण्यातही ठेवा. आणि विद्यार्थ्यांनो, आज तुमची फी ज्यांच्या पाच-दहा रुपयांतून भरली गेली, त्यांची नावे तुम्हांला कधीच कळणार नाहीत. ते ऋण त्यांना परत करता येत नाही, पुढच्याला देता येते. पहिल्या पगारातून काहीतरी द्या, मग ते कितीही थोडे असो, आणि पुढच्या वर्षी कुणी आठवण करून देण्याची वाट पाहू नका.